रात्री दहानंतरचं आव्हिन्याँ

आव्हिन्याँच्या महोत्सवाला जाणारे बहुतेक जण आधी कलाकारांची नावं बघतात आणि मग तिकिटं काढतात. आमचा सल्ला उलटा आहे. आधी जागा बघा. इथले प्रयोग मठांच्या ओवऱ्यांत, पोपच्या राजवाड्यात, शाळेच्या बागेत आणि दगडाच्या जुन्या खाणीत होतात. चांगला नृत्यदिग्दर्शक त्या भिंती, झाडं, वारा आणि मावळता उजेड धरूनच काम रचतो. तोच प्रयोग पुढे पॅरिसच्या बंद नाट्यगृहात पाहायला मिळेल, पण तो वेगळा असेल.

ऱ्होन नदीकाठचं हे तटबंदीचं शहर दक्षिण फ्रान्समध्ये आहे. १३०९ ते १३७७ या काळात पोप रोमऐवजी इथे राहत. त्यांच्या राजवाड्यात सप्टेंबर १९४७मध्ये नाट्यदिग्दर्शक झाँ व्हिलार यांनी नाटकांचा छोटासा उत्सव भरवला, त्याचा हा महोत्सव झाला. नृत्य इथे आलं १९६६ साली, नृत्यदिग्दर्शक मोरिस बेजार यांच्या कंपनीबरोबर. आता दर जुलैत साधारण तीन आठवडे महोत्सव चालतो आणि नवं, धाडसी नृत्य हा त्याचा मोठा भाग असतो. त्या नाचासाठी आणि संगीतासाठी जाणाऱ्यांनी सहा दिवस कसे घालवावेत, ते दिवसावार देतो.

निघण्याआधी

कार्यक्रम मार्च-एप्रिलमध्ये जाहीर होतो आणि त्यानंतर लवकरच ऑनलाइन विक्री सुरू होते. राजवाडा आणि खाण इथली तिकिटं आधी संपतात, म्हणून ती पहिल्याच दिवशी काढायची. सर्वांत महाग जागा साधारण ४० युरोंच्या आसपास जाते, युरोपातल्या ऑपेराच्या मानाने हे स्वस्तच. मुक्कामाची सोय मात्र तिकिटांच्याही आधी, जानेवारी-फेब्रुवारीत करावी लागते, कारण तटबंदीच्या आतली घरं वर्षभर आधीपासून भरत जातात. आत जागा मिळाली नाही तर नदीपलीकडचं व्हिलनव्ह किंवा बार्तलास बेटावरचे तंबूतळ बघा. बेटावर नेणारी फुकट बोट आहे, पण ती रात्री उशिरा नसते. मध्यरात्रीनंतर पुलावरून चालत जावं लागतं, हे धरूनच जागा ठरवा.

शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. जुलैच्या तोंडावर मुलाखतीच्या तारखा मिळत नाहीत, त्यामुळे मुक्कामाची पावती हातात आली की अर्ज करून टाका.

बॅगेत हातपंखा, पाण्याची बाटली आणि बसायला पातळ उशी ठेवा, आणि जाड जॅकेट विसरू नका. जुलैत ३५ अंश तापणाऱ्या गावी जॅकेट कशाला, याचं उत्तर तिसऱ्या दिवशी येईल.

पहिला दिवस: पोहोचणं आणि झोपणं

मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. चार्ल्स द गॉल विमानतळाच्या दोन नंबरच्या टर्मिनलखालीच वेगवान गाड्यांचं स्टेशन आहे आणि तिथून काही गाड्या थेट आव्हिन्याँला जातात. शहरातल्या गार द लियाँ स्टेशनवरून निघालात तर साधारण दोन तास चाळीस मिनिटं लागतात. ही गाडी गावाबाहेरच्या ‘आव्हिन्याँ टीजीव्ही’ स्टेशनवर सोडते. तिथून पाच-सहा मिनिटांची लोकल ‘आव्हिन्याँ सेंटर’ला आणते. समोर तटबंदीचा दरवाजा, त्यातून सरळ गेलेला रस्ता चौकात आणि चौकाच्या पुढे राजवाडा. सगळं पायी फिरता येतं.

पहिल्या रात्रीचं तिकीट काढू नका. उन्हाळ्यात फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. जुलैत सूर्य साडेनवाच्या सुमाराला मावळतो, म्हणून उघड्यावरचे मोठे प्रयोग रात्री दहाला सुरू होतात. तेव्हा आपल्या शरीराच्या घड्याळात दीड वाजलेला असतो, आणि दोन तासांचा संथ प्रयोग तशा अवस्थेत पाहणं म्हणजे पैसे फुकट. पहाटेचा प्रयोग असेल तर तो मात्र पहिल्या दोन दिवसांतच पाहून घ्या. तिथले साडेचार म्हणजे आपले सकाळचे आठ, आपोआप जाग येते.

संध्याकाळी साँ-लुईच्या मठात महोत्सवाचं कार्यालय आहे, तिथे जाऊन छापील कार्यक्रमपत्रिका घ्या आणि उद्याच्या जागा एकदा चालून बघा. इथे प्रयोग ठरल्या वेळेला सुरू होतो. उशीर झाला तर तिकिटावरच्या जागेवरचा हक्क जातो, कधी आतही सोडत नाहीत. जुन्या गल्ल्यांत फोनचा नकाशा बऱ्याचदा भरकटतो, त्यामुळे पायांना रस्ता माहीत असलेला बरा.

दुसरा दिवस: बाग आणि ओवऱ्या

सकाळी साँ-जोझेफ शाळेच्या ‘कुमारीमातेच्या बागेत’ जा. ‘व्हिव ल स्युजे’ नावाची मालिका तिथे होते आणि आमच्या मते सगळ्या महोत्सवातली सर्वांत धाडसी गोष्ट हीच. लेखक-संगीतकारांच्या हक्कांची फ्रेंच संस्था आणि महोत्सव मिळून कलाकारांना काम देतात. अट अशी की आपल्या क्षेत्राबाहेरच्या कुणाबरोबर तरी करायचं. मग नर्तकी ध्वनिकाराला घेऊन येते, सर्कशीतला कसरतपटू कवीला. एका तिकिटात दोन छोटे प्रयोग. नेपथ्य जवळपास नसतं, दिवे नसतात, वर झाडं आणि भरपूर सिकाडा किडे. दक्षिणेतले हे मोठे किडे उन्हात ओरडतात आणि गारवा आला की गप्प होतात, त्यामुळे सकाळच्या प्रयोगाचं ध्वनिसंयोजन त्यांना धरूनच करावं लागतं. हळू आवाजातलं व्हायोलिन इथे टिकत नाही. श्वास, टाळ्या, पायांचे ठेके टिकतात. काही तुकडे फसतात, सपशेल फसतात. तरी हे चुकवू नका. दोन वर्षांनी मोठ्या मंचावर येणाऱ्या कल्पना इथे कच्च्या दिसतात. बैठक छोटी असल्याने तिकिटं पटकन संपतात.

दुपारचं ऊन बंद सभागृहात काढा. तटबंदीबाहेर माँक्लार वस्तीत, चौकापासून वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर ‘ला फाब्रिका’ आहे. २०१३मध्ये उघडलेली ही वास्तू मुळात तालमीसाठी बांधली. तिच्यातली मोकळी जागा राजवाड्याच्या अंगणातल्या मंचाएवढी ठेवली आहे, म्हणजे तिथला प्रयोग इथे आधी पूर्ण मापात बसवता येतो. बेल्जियन नृत्यदिग्दर्शिका आन तेरेसा द केर्समाकर यांच्या ‘एक्झिट अबव्ह’चा २०२३च्या महोत्सवातला प्रयोग इथेच झाला. वातानुकूलन आहे, दिवे आणि ध्वनी हवे तसे, पण जागेला स्वतःचा स्वभाव नाही. दोन प्रयोगांतून एकच निवडायचा असेल तर आम्ही फाब्रिका सोडू.

रात्री सेलेस्तँ मठाचं प्रांगण. भोवती कमानींच्या ओवऱ्या आणि मधोमध दोन जुने, अवाढव्य चिनार. ही झाडं तोडता येत नाहीत, झाकताही येत नाहीत, त्यामुळे इथे काम करणाऱ्याला ती आपल्या नाचात घ्यावीच लागतात. कुणी त्यांना खांब मानतं, कुणी पात्र. केर्समाकर यांनी २०१०मध्ये इथे ‘एन आतांदाँ’ केलं ते एकही दिवा न लावता. सूर्यास्ताच्या बेताला सुरुवात, आणि शेवटाकडे नर्तकांचे चेहरे दिसेनासे होऊन नुसत्या आकृत्या उरतात. संगीत चौदाव्या शतकाच्या अखेरचं, ‘आर्स सब्तिलियोर’ नावाच्या अतिशय गुंतागुंतीच्या लयींच्या शैलीतलं. ही शैली आव्हिन्याँच्या पोपच्या दरबाराशी जोडलेली आहे, म्हणजे संगीतही गावचंच.

इथे बसताना झाडाच्या बुंध्यामागची जागा टाळा. जागांचे क्रमांक नसतील तर अर्धा तास आधी रांगेत लागून मधली, थोडी वरची पायरी धरा. नाचात पावलांच्या रेषा वरून जास्त कळतात.

तिसरा दिवस: राजवाड्याचं अंगण

हा दिवस मोकळा ठेवा, दुपारी झोपा आणि फक्त रात्रीचा प्रयोग बघा.

राजवाड्याच्या ‘मानाच्या अंगणात’ सुमारे २,००० प्रेक्षक बसतात. समोर रुंदच रुंद मंच, मागे खिडक्यांची प्रचंड गॉथिक भिंत. सुरू होण्याआधी तुताऱ्या वाजतात. ती धून मोरिस झार यांची, १९५०च्या दशकात व्हिलार यांच्या नाटकासाठी बांधलेली. पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चं संगीत केलं तेच हे झार. तुताऱ्यांच्या सुमाराला डोक्यावर पाकोळ्यांचे थवे किंचाळत गिरक्या घेत असतात आणि अंधार झाला की नाहीसे होतात.

ही जागा नाचाला सोपी नाही. एकटा नर्तक त्या भिंतीपुढे मुंगीएवढा दिसतो. बारीक हस्तमुद्रा विसाव्या ओळीपलीकडे पोहोचत नाही. म्हणून इथे जमणारी कामं दोन प्रकारची असतात: मोठा समूह घेऊन भिंतीशी टक्कर घेणारी, किंवा सगळं काढून टाकून आवाज आणि अंधारावर उभी राहणारी. मधली कामं हरवतात. २०११मध्ये फ्रेंच नृत्यदिग्दर्शक बोरिस शार्मात्झ यांनी ‘आंफाँ’मध्ये यंत्रं, नर्तक आणि बरीच लहान मुलं मंचावर आणली, तो पहिला प्रकार. २०२५चा महोत्सव केप व्हर्दच्या नृत्यदिग्दर्शिका मार्लेन मोंतेरो फ्रेतास यांच्या ‘नॉट’ने इथेच उघडला. अरबी ही महोत्सवाने त्या वर्षी निवडलेली पाहुणी भाषा, आणि प्रयोगाचा धागा होता ‘एक हजार एक रात्री’. न आवडल्यास इथला प्रेक्षक उठून जातो, कधी ओरडतोही. पायऱ्या दणदणतात. त्याने बिचकायचं कारण नाही, तो इथला जुना रिवाज आहे.

दुसऱ्या प्रकाराचं सर्वांत मोठं उदाहरण ‘सेसेना’, पुन्हा केर्समाकर यांचंच, तेही २०११मधलं. पहाटे साडेचारला सुरू होणारा प्रयोग. ब्यॉर्न श्मेल्झर यांच्या ग्रँदलाव्ह्वा समूहाचे गायक आणि केर्समाकर यांच्या रोझास कंपनीचे नर्तक मिळून १९ जण. गायक नाचतात, नर्तक गातात. पूर्ण अंधारात सुरुवात होते, त्यामुळे आधी ऐकू येतात फक्त पावलं: वाळूवर घासणारी, धावणारी, एकदम थांबणारी. मग कुठूनसा सूर. तो कुणाचा, हे बराच वेळ कळत नाही. जुलैत सूर्य सहाच्या पुढे उगवतो. आकाश आधी राखाडी होतं, त्यात माणसं हळूहळू वेगळी दिसू लागतात, आणि अखेरीस ऊन भिंतीच्या माथ्यावर येतं. नाव आलं इटलीतल्या सेसेना गावावरून. १३७७मध्ये तिथे पोपच्या प्रतिनिधीच्या हुकमाने कत्तल झाली. त्या प्रतिनिधीने पुढच्याच वर्षी सातवा क्लेमेंट म्हणून पोपपदावर दावा सांगितला आणि मग तो याच राजवाड्यात राहायला आला. ते दगड समोर असताना त्या काळचं गाणं ऐकणं, हे दुसऱ्या कुठल्याही सभागृहात शक्य नाही.

आता जॅकेटचं. ऱ्होनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येणारा मिस्त्राल नावाचा कोरडा, जोरकस वारा या अंगणात उतरतो. दुपारी घामाने भिजलेला माणूस रात्री अकराला कुडकुडतो. गावकरी म्हणतात की मिस्त्राल तीन, सहा किंवा नऊ दिवस राहतो. हिशेब नेहमी जमतो असं नाही, पण एका रात्रीत तो क्वचितच जातो.

मंचावर तो काय करतो, ते कळलं की प्रयोग वेगळ्या नजरेने पाहता येतो. धूर सोडला की लगेच उडून जातो, त्यामुळे प्रकाशाचे झोत हवेत दिसत नाहीत. घेरदार पोशाख शिडासारखे फुगतात आणि गिरकीचा तोल जातो. माइकवर फुरफुर येते, म्हणून त्यावर केसाळ टोपणं घालतात किंवा माइक शरीराला चिकटवतात. कोरड्या हवेने लाकडी वाद्यं आणि आतड्याच्या तारा स्वरातून उतरतात. जुन्या पद्धतीचे वादक मध्येच थांबून तारा लावताना दिसले तर तो प्रयोगाचा भाग समजू नका. उंच, सपाट नेपथ्य उभंच करता येत नाही.

जमिनीचीही गोष्ट आहे. दगडी अंगणावर लाकडी पाट आणि त्यावर नाचासाठीचं विनाइल, म्हणजे प्लास्टिकचं अंथरूण, दीड-दोन मीटर रुंदीच्या पट्ट्यांत, सांध्यांवर टेप. दिवसभर उन्हात ते तापून फुगलं की फुगवटे येतात आणि टेप सुटते, मग अनवाणी पाय अडकतो. त्यात मिस्त्रालने आणलेली बारीक वाळू. प्रयोगाआधी माणसं मंच झाडताना, पुसताना दिसतात ती त्यासाठीच. दिव्यांची तालीम अंधारातच करता येत असल्याने मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत चालते. तुम्ही बघत असलेल्या नर्तकांनी आठवडाभर रात्री जागवलेल्या असतात.

चौथा दिवस: ऑफ

अधिकृत महोत्सवाला समांतर ‘ऑफ’ चालतो. १९६६मध्ये आंद्रे बेनेदेतो यांनी आपल्या छोट्या थिएटरमध्ये आमंत्रणाविना प्रयोग लावला, तिथपासून. आता त्यात दीड हजारांहून जास्त प्रयोग असतात. खांबाखांबाला सुतळीने बांधलेले पुठ्ठ्याचे फलक, वेशभूषेतच पत्रकं वाटणारे कलाकार. एकेका छोट्या थिएटरात सकाळी दहापासून मध्यरात्रीपर्यंत सात-आठ मंडळी पाठोपाठ प्रयोग करतात, म्हणजे नेपथ्य लावायला आणि काढायला काही मिनिटंच. मोठं नृत्य अशा घाईत टिकत नाही. जागा लहान, छत खाली, दिवे सगळ्यांना मिळून एकच.

म्हणून नाचासाठी ऑफमध्ये सरळ ‘इव्हेर्नाल’ला जा. नृत्याचं हे राष्ट्रीय केंद्र जुलैत रोज निवडक समकालीन नृत्य दाखवतं, आणि तिथला मंच खरोखर नाचासाठी आहे. दोन-तीन प्रयोग बघायचे असतील तर ऑफचं सवलतपत्र घ्या, तिकिटावर साधारण ३० टक्के सूट मिळते. मधल्या वेळेत रंगाऱ्यांच्या गल्लीत बसा. कालव्याकाठी जुनी पाणचक्क्यांची चाकं आहेत, सावली आहे.

जेवणाचंही आजच बघून घ्या. दहाच्या प्रयोगाआधी सातला जेवायचं. मंडईत सकाळी जर्दाळू, काव्हायाँची खरबुजं, टोमॅटो, ऑलिव्ह मिळतात, दुपारी ती बंद होते आणि सोमवारी सुट्टी. शाकाहारी असाल तर फुगास नावाची पोळीसारखी भाकर घेताना विचारा, बऱ्याचदा तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात.

चौकातल्या ऑपेरागृहापुढे संगीतप्रेमींनी थोडं थांबावं. २५ जुलै १९७६ला इथे दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन आणि संगीतकार फिलिप ग्लास यांचा ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा पहिल्यांदा झाला. सुमारे पाच तास, मध्यंतर नाही, प्रेक्षकांनी हवं तेव्हा बाहेर जाऊन यावं. गोष्ट नाही. गायक आकडे आणि सा-रे-ग-मसारखी स्वरनावं गातात. त्याचं एक मूळ आपल्याकडे आहे. १९६०च्या दशकात पॅरिसमध्ये ग्लास एका चित्रपटासाठी रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य लिपीत उतरवत होते आणि तबल्यावर उस्ताद अल्लारखा होते. मापांच्या उभ्या रेघा मारल्या की आघात भलतीकडे पडत. रेघा काढून टाकल्या तेव्हा लय बसली. दोन-तीन मात्रांचे तुकडे जोडत, वाढवत जायची ग्लास यांची पद्धत त्यानंतर घडली. हातावर मात्रा मोजणाऱ्या आपल्या श्रोत्याला हे संगीत युरोपीय श्रोत्यापेक्षा लवकर उमगायला हरकत नाही.

पाचवा दिवस: बुलबाँची खाण

गावापासून साधारण १५ किलोमीटरवर चुनखडीची ही जुनी खाण आहे. १९८५मध्ये ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रूक यांनी तिथे ‘महाभारत’ केलं, नऊ तासांचं, रात्रभर चालून पहाटे संपणारं. माती, पाणी आणि आग एवढंच नेपथ्य, द्रौपदी मल्लिका साराभाई. तेव्हापासून ही खाण महोत्सवाची झाली. काही वर्षं बंद राहून ती २०२३मध्ये पुन्हा उघडली, आणि २०२५मध्ये केर्समाकर आणि ब्रेकडान्समधून आलेले तरुण सोलाल मारिओत यांनी तिथे ‘ब्रेल’ केलं, बेल्जियन गायक झाक ब्रेल यांच्या गाण्यांवर. दोघंच जण त्या कड्यांपुढे. खाणीच्या उभ्या भिंती आवाज परत फेकतात, म्हणून ध्वनी आश्चर्य वाटावं इतका जवळ येतो. राजवाड्यात दोघं हरवले असते, इथे हरवत नाहीत.

जाण्यासाठी तिकिटाबरोबरच महोत्सवाच्या बसची जागा काढा. स्वतःची गाडी नेली तर परतताना एका अरुंद रस्त्यावर सगळ्या गाड्या एकदम येतात आणि तास मोडतो. बस सुटायच्या वीस मिनिटं आधी पोहोचा, कारण ती थांबत नाही. उतरल्यावर खडीच्या वाटेने चालायचं आहे, तेव्हा सपाट, बंद बूट आणि फोनची विजेरी हवी. सिगारेट पेटवायला सक्त बंदी. भोवती पाइनचं कोरडं रान आहे, आणि वारा फार असेल तर आगीच्या धोक्यामुळे प्रशासन रानात प्रवेशच बंद करतं. त्या दिवशी दुपारी महोत्सवाचे ईमेल आणि संदेश बघत राहा. खाणीची रात्र शेवटच्या दिवसावर ढकलू नका, हे त्यासाठीच. पाण्याची बाटली भरून न्या. परत येईपर्यंत एक वाजून जातो.

सहावा दिवस: निघताना

सकाळी साँ-लुईच्या अंगणात ‘काफे देझिदे’मध्ये कलाकारांशी फुकट गप्पा होतात, बहुतेक फ्रेंचमध्ये. आदल्या रात्री पाहिलेल्या नृत्यदिग्दर्शकाचं नाव असेल तर जरूर बसा. तिथून राजवाड्याशेजारच्या व्हिलार यांच्या नावाच्या घरात महोत्सवाचा जुना दस्तऐवज, पोशाख आणि छायाचित्रं आहेत.

एखादा प्रयोग हुकला असेल तर सुरू होण्याच्या तासभर आधी दारात जाऊन उभं राहा. पुठ्ठ्यावर ‘जागा हवी’ असं फ्रेंचमध्ये, ‘शेर्श प्लास’, मोठ्या अक्षरांत लिहा. शेवटच्या क्षणी तिकीट सोडणारे निघतात आणि बरेचदा छापील किमतीलाच देतात. एकट्याला लवकर मिळतं, दोघांनी वेगळं बसायची तयारी ठेवावी.

महोत्सवाच्या पहिल्या आठवड्यात येणार असाल आणि त्याआधी दोन दिवस हाताशी असतील तर आधी माँपेलिएला जा, रेल्वेने साधारण तासाभराचं अंतर. १९८१मध्ये सुरू झालेला तिथला नृत्यमहोत्सव जूनच्या उत्तरार्धात सुरू होऊन जुलैच्या सुरुवातीला संपतो. दोन्हींच्या तारखा काही वर्षी एखाददुसऱ्या दिवसाने जुळतात, काही वर्षी अजिबात नाही. बेत आखताना दोन्ही कार्यक्रमपत्रिका शेजारी ठेवा आणि विमानाची तिकिटं त्यानंतर काढा.